दगडी अननस

शनिवार, १९ ऑगस्ट २०२३
लिटल मार्स्टो, हेरफर्डशायर

प्रिय मर्विन,

पंचवीस वर्षांनी बहिणीचं पत्र आलं म्हणजे कोणीतरी गेलं असणार, असं तुला वाटेल. कोणी गेलेलं नाही. माझा नवरा रॉयस्टन जाऊन दोन वर्षं झाली, ते मी लोर्नाला नाताळच्या कार्डात कळवलं होतं. तुझी बायको चांगली आहे, तिने उलट टपाली चार ओळी लिहिल्या. खाली तुम्हा दोघांची नावं होती, दोन्ही तिच्याच अक्षरात.

कामापुरतं लिहिते. बाबांची आत्याबाई अजून माझ्या शेडमध्ये उभी आहे. त्या काळच्या रोव्हर गाड्यांना जुन्या मोटारींच्या क्लबातले सगळेच आत्याबाई म्हणतात, पण आपल्या घरात ती खरोखरच आत्यासारखी होती. तिच्यात बसून खायचं नाही, मोठ्याने बोलायचं नाही, दार आपटायचं तर मुळीच नाही. रॉयस्टनने नोकरी सुटल्यावरची दहा वर्षं तिच्या पोटाखाली उताणं पडून काढली. आता तो सुटला आणि ती माझ्या गळ्यात पडली. दर पंधरवड्याला तिला सुरू करायचं, पुसायचं, रस्त्यावरून एक फेरी मारायची. क्लच दाबला की माझा डावा गुडघा शिव्या देतो. मी बहात्तर वर्षांची आहे, मर्विन. मला कंटाळा आलाय.

येत्या सोमवारच्या पुढच्या सोमवारी, सुट्टीच्या दिवशी, थॉर्नलो कोर्टवर जुन्या गाड्यांचं प्रदर्शन आहे. होय, आपल्याच थॉर्नलोवर. बाईसाहेबांच्या मागे वारस कोणी नव्हता, त्यामुळे आता एक संस्था ती हवेली चालवते. बाबा जिथे बाईसाहेबांच्या गाड्या धुवायचे, तिथे केक विकतात. तिथल्या व्यवस्थापक मुलीला कुठूनतरी कळलं की आत्याबाई मूळची त्याच घरची, आणि बाईसाहेबांनी ती आपल्या ड्रायव्हरला बक्षीस दिली होती. तिचा फोन आला. "म्हणजे गाडी माहेरी येणार! आम्ही तिला पहिल्या रांगेत उभी करू!" इतक्या उत्साहापुढे नाही म्हणायलाही अंगात जोर लागतो. मी हो म्हटलं.

प्रदर्शन झालं की मला तिच्यातून मोकळं व्हायचंय. माझ्याच क्लबातला बर्नार्ड प्यू घ्यायला तयार आहे. पण त्याआधी तुला विचारणं बरं दिसतं. बाबांनी ती मला ठेवली, तुला नाही, यात माझा काही हात नव्हता.

डाव्या मडगार्डवरचा पोचा तसाच आहे. रॉयस्टनने गाडीचा इंच न् इंच नवा केला, पण पोच्याला हात लावला नाही. पोचा म्हणजे गाडीची सही, असं तो म्हणायचा.

हवा बरी आहे. यंदा सफरचंदं लवकर लाल झाली.

तुझी,
हिलरी


सोमवार, २८ ऑगस्ट, संध्याकाळ

प्रिय मर्विन,

आधीचं पत्र अजून टपालात टाकलेलं नाही. ओट्यावर चहाच्या डब्याला टेकवून ठेवलंय.

आज जाऊन आले. अंग आंबून गेलंय, तरी झोपायच्या आधी लिहिते.

नऊच्या आत गाड्या आत घ्यायच्या, आणि एकदा उभी केली की चार वाजेपर्यंत जागची हलवायची नाही, असा त्यांचा नियम आहे. लोक गाड्यांमधून फिरत असतात, कोणाच्या पायावर चाक जायला नको. म्हणजे सात तास घरी पळून जायची सोय नाही. हा नियम मला फाटकातून आत शिरताना आठवला. फाटक तेच आहे. उजव्या खांबावर शोभेचा दगडी अननस, डावा खांब बोडका. चौपन्न वर्षांत त्यांनी दुसरा अननस बसवलेला नाही. मी दुसऱ्या गिअरमध्ये, गोगलगाईच्या चालीने आत गेले. मागच्या गाडीवाल्याने हॉर्न वाजवला. वाजवू दे.

हिरवळीवर दीडशे गाड्या असतील. प्रत्येक गाडीच्या मागे घडीच्या दोन खुर्च्या, खुर्चीत म्हातारा, शेजारी त्याची बायको विणकाम घेऊन आणि मध्ये थर्मास. बर्नार्ड माझ्या शेजारीच होता. तो येणाऱ्या-जाणाऱ्याकडे बघतच नाही, फडका घेऊन बोनेटवरची लोकांच्या बोटांची निशाणी पुसत बसतो.

"हिलरी, आता मोज," तो म्हणाला.

"काय मोजू?"

"'माझ्या आजोबांकडे अश्शीच होती.' गेल्या वर्षी मला बासष्ट जणांनी सांगितलं. एवढ्या आजोबांकडे गाड्या असत्या तर त्या काळी रस्त्यावर पाय ठेवायला जागा राहिली नसती."

मी एकोणीसपर्यंत मोजले आणि सोडून दिलं. सगळे आजोबा बिचारे भले होते आणि सगळ्यांनी गाडी कवडीमोलाने विकली होती.

आता ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? काचेमागे गाडीच्या माहितीचा फलक लावायचा असतो. आपला फलक रॉयस्टनने केला होता, प्लास्टिकमध्ये घालून. वर्षं, इंजिन, रंग, आणि शेवटी हे:

"डाव्या मडगार्डवरील पोचा: १९६९ साली वडील चॅपलमध्ये प्रार्थनेला गेले असता त्यांचे पंधरा वर्षांचे चिरंजीव मर्विन यांनी गाडी पळवली व थॉर्नलो कोर्टच्या फाटकावरील दगडी अननस पाडला. अननस पुन्हा सापडला नाही. मर्विन टास्मानियात सापडतील."

लोक वाचत आणि खो खो हसत. एक बाई नवऱ्याला ओढून घेऊन आली आणि त्याला मोठ्याने वाचून दाखवलं. मग दोघं फाटकाकडे बोडका खांब बघायला गेले. दुपारी तिथे छोटी रांग लागली होती. मी खुर्चीत बसून अंड्याचं सँडविच खात होते. अर्धं परत डब्यात ठेवलं.

तीन वाजता प्रेक्षकांच्या पसंतीचा कप जाहीर झाला. येणारा प्रत्येक जण एक चिठ्ठी टाकतो, जिच्या नावाने जास्त चिठ्ठ्या ती गाडी जिंकते. तिथे तीन बेंटली होत्या, मर्विन, आणि एक लांबलचक चंदेरी गाडी, जिच्यापुढे बर्नार्डसुद्धा फडका खाली ठेवून उभा राहिला होता. जिंकली आपली आत्याबाई. गाडीसाठी नव्हे, फलकासाठी.

त्या व्यवस्थापक मुलीने माझ्या हातात कप दिला आणि तोंडापुढे माईक धरला. "आता तुमच्या खोडकर भावाबद्दल दोन शब्द सांगा ना!"

सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "तो पहिल्यापासूनच वांड होता."

हशा पिकला. टाळ्या झाल्या.

बाबांच्या दफनानंतर चहाच्या वेळीही असंच झालं होतं, तुला आठवत असेल. कोणीतरी अननसाचा विषय काढला, सगळे हसले, तू माझ्याकडे पाहिलंस आणि मीसुद्धा हसले. तू हातातली बशी खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलीस, नीट, आवाज न करता, आणि निघून गेलास. तेव्हा माझं वय सत्तेचाळीस होतं. आता तर तेवढीही सबब उरलेली नाही, आता मी नुसती म्हातारी आहे.

मग चार वाजले आणि मी घरी आले.

हिलरी


बुधवार, ३० ऑगस्ट

मर्विन,

परवाच्या पत्रातली शेवटची ओळ खोटी आहे. चार वाजता मी घरी आले नाही. साडेपाचपर्यंत केकच्या दुकानामागच्या बाकावर बसून होते, आणि आत्याबाई रिकाम्या हिरवळीवर एकटीच उभी होती. बर्नार्ड दोनदा येऊन विचारून गेला की बॅटरी उतरली का. मी म्हटलं, हो.

आधी ते एक वाक्य लिहून टाकते. आपल्या दोघांनाच ते माहीत आहे असं मी जन्मभर धरून चालले, आणि रॉयस्टनलाही एकेचाळीस वर्षांच्या संसारात सांगितलं नाही. गाडी मी चालवत होते. तू शेजारी बसून "हळू, हिलरी, हळू" म्हणत होतास. बाबा जसे त्या फाटकातून गिअर न बदलता वळायचे, तसं मला वळून बघायचं होतं. बस, एवढंच. कोणी बघायलाही नव्हतं.

घरी परत येताना तूच म्हणालास, "मी केलं म्हणून सांगतो. मला ओरडा खायची सवय आहे. तुला कॉलेजला जायचंय." बाबांनी माझ्या शिक्षिकेच्या कॉलेजला कसाबसा होकार दिला होता, आणि एक चूक झाली की डेअरीत कामाला लावीन असंही बजावलं होतं. मी काहीच बोलले नाही. अळीमिळी गुपचिळी. सप्टेंबरात मी कॉलेजला गेले.

आणि तू बाबांच्या मागे लागलास, मला गाडी शिकवा म्हणून. त्यांच्यासारखं ड्रायव्हर व्हायचं, याशिवाय तुझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. बाबा विचारायचे, "काही सांगायचंय?" तू म्हणायचास, "सांगितलं की. मी केलं. चुकलो." बाबा म्हणायचे, "हं. मग राहू दे तो पोचा." सतराव्या वर्षी विचारलंस, अठराव्या वर्षी विचारलंस. प्रत्येक वेळी "हं". एकोणिसाव्या वर्षी तू टास्मानियाला सफरचंदं तोडायला गेलास आणि कोणा परक्या माणसाकडून ट्रक चालवायला शिकलास. आईने मला हे पत्राने कळवलं. मी पहिलीच्या मुलांना वजाबाकी शिकवत होते.

आता सोमवारचं ऐक. कप घेऊन मी गाडीकडे येत होते, तेव्हा केकच्या दुकानाजवळ चाकाच्या खुर्चीतून कोणीतरी माझी बाही ओढली. विनी प्रीस. थॉर्नलोच्या स्वयंपाकघरात कामाला होती ती, आपल्याला मागच्या दाराने जिंजर बिस्किटं द्यायची. एक्याण्णव वर्षांची आहे. तिची भाची तिला फिरवायला घेऊन आली होती.

"तू विल्फची पोरगी ना? जवळ ये, मला धड दिसत नाही. कप कसला गं मिळाला?"

"पोच्याच्या गोष्टीचा," मी म्हटलं.

"कुणाच्या गोष्टीचा?"

"मर्विनच्या. अननस पाडला त्याच्या."

ती हसायलाच लागली. "अगं बाई! अजून मर्विनच्याच का?"

चोराच्या मनात चांदणं असतं म्हणतात. माझ्या मनात ते चौपन्न वर्षं लख्ख पडलेलं होतं, तरी मला वाटायचं की बाहेर सगळा अंधार आहे.

"तुझा बाप त्याच रविवारी संध्याकाळी आमच्या दारात आला," विनी सांगायला लागली. "बाईसाहेबांची माफी मागायला. टोपी हातात. मी चहा दिला, तो तसाच गार झाला. मला म्हणाला, 'विनी, पोरगा म्हणतो मी केलं. पण सीट पार पुढे ओढलेली आहे. मर्विन त्या सीटवर बसला असता तर त्याचे गुडघे कानाला लागले असते.'"

तू पंधराव्या वर्षीच ताडमाड होतास, मर्विन. माझे पाय पेडलला पोचायला सीट शेवटच्या खाचेपर्यंत पुढे लागायची, अजूनही लागते. आपण मडगार्ड पुसलं, चाकाची माती पुसली, किल्ली जागच्या जागी ठेवली. सीट मागे सरकवायचं दोघांनाही सुचलं नाही.

"मग त्यांनी मला विचारलं का नाही?" मी म्हटलं.

"विचारायचं? विल्फनं?" विनी म्हणाली. "अगं, तीस वर्षं माझ्याकडे चहा प्यायला, साखर कमी आहे एवढंसुद्धा कधी म्हणाला नाही तो. म्हणाला, 'पोरगी येऊन सांगेल. तोवर पोचा राहू दे.'"

"आणि मर्विनचं काय?"

"मीही तेच विचारलं, त्या पोराचं काय? तर म्हणाला, 'त्याला मला रागावता येत नाही, विनी, आणि शाबासकीही देता येत नाही. शाबासकी दिली तर पोरगी उघडी पडते. तिचं तिनं येऊन सांगायला पाहिजे.' आणि मग डोळे पुसले गं त्यानं. टोपीनंच. म्हणाला, 'पोरगा खोटं बोलला, पण मला आवडलं.'"

हे वाक्य मी तिच्याकडून तीनदा वदवून घेतलं. तुला पाठवायचं तर चुकायला नको.

"मग सांगितलंस का?" विनीने विचारलं.

"कोणाला?"

"विल्फला."

"बाबांना जाऊन पंचवीस वर्षं झाली, विनी."

"हो का? मग जरा उशीरच झाला म्हणायचा," ती म्हणाली, आणि भाचीकडे वळून आइस्क्रीम मागितलं.

हे लिहू की नको, याचा मी दोन दिवस विचार केला. कारण यात माझं तोंड आणखी काळं होतं. इतके दिवस मी स्वतःला सांगत आले की बाबा कडक होते, हट्टी होते, तुला त्यांनीच घालवलं. बाबा फक्त वाट बघत होते. तुला मिळालेला प्रत्येक "हं" माझ्यासाठी होता. मी सुट्टीला घरी यायची, त्यांच्यासोबत जेवायची, ते पोच्यावर पॉलिश फिरवताना बघायची, आणि पुन्हा कॉलेजला जायची. मरताना त्यांनी गाडी मला ठेवली. मला वाटलं, लाडकी म्हणून. त्यांनी मला पोचा ठेवला होता.

ते तुझ्यावर कधीच रागावलेले नव्हते, मर्विन. एक दिवसही नाही. हे तुला वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी कळतंय, तेही माझ्याकडून, याची मला लाज वाटते. माफ कर असं लिहायला हात धजत नाही. पण मनात तेच आहे.

हिलरी


शनिवार, २ सप्टेंबर

प्रिय मर्विन,

काल थॉर्नलोला जाऊन कप परत दिला. व्यवस्थापक मुलगी गोंधळली. कप परत घ्यायची त्यांच्याकडे पद्धतच नाही. मी तिला सगळं सांगितलं, केक घ्यायला उभ्या असलेल्या लोकांसमोरच. एरवी ज्या देशात पायावर पाय पडला तर ज्याचा पाय चेंगरला तोच माफी मागतो, तिथे अशा वेळी सगळे केकच्या बरण्यांकडे बघायला लागतात. तसे बघायला लागले. ती पोरगी म्हणाली, "पण खरं सांगू का, जुनी गोष्ट जास्त मजेशीर होती."

"होती," मी म्हटलं.

रॉयस्टनचा फलक मी काढून टाकला. बिचाऱ्याचा काही दोष नव्हता, मी सांगितलं तेच त्याने लिहिलं. नवा माझ्या हाताने लिहिला, आणि त्याची एक प्रत सोबत पाठवते. वर्षं, इंजिन, रंग तेच. खाली एवढंच आहे:

"डाव्या मडगार्डवरील पोचा: जून १९६९, पहिला रविवार. गाडी मी चालवत होते. माझा भाऊ मर्विन याने आळ स्वतःवर घेतला. वडिलांना ते माहीत होतं. हिलरी."

बर्नार्डला गाडी देणार नाही म्हणून कळवलं. तो वाकडं तोंड करून म्हणाला, "म्हणजे भावाला देणार? त्या वांड पोराला?" मी त्यालाही सांगितलं. पत्र, दुकान आणि फलक धरून चौथ्यांदा सांगताना जरा सोपं जातं. ज्याला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं त्याला मात्र आता सांगता येत नाही.

चारही पत्रं एकाच पाकिटात घालून पाठवते आहे. पहिलं फार कोरडं आहे आणि दुसरं खोटं, पण वगळलं तर पुन्हा तेच केल्यासारखं होईल. उत्तर दिलंच पाहिजे असं नाही. लोर्नाच्या अक्षरातलं आलं तरी चालेल.

गाडी तुझी आहे. पोचा काढायचा की ठेवायचा, ते तू ठरव. काल घरी आल्यावर मी ड्रायव्हरची सीट मागे सरकवली. वर्षानुवर्षं पुढेच असल्यामुळे ती जाम बसली होती. तेल घातलं, दोन लाथा मारल्या, तेव्हा कुठे शेवटच्या खाचेत गेली. मग तिच्यावर बसून पाहिलं. माझे पाय पेडलला पोचत नाहीत, म्हणजे आता मला ती चालवता येणार नाही. सीट तशीच ठेवली आहे.

तुझी,
हिलरी